स्मृतिभ्रंश आणि दुर्लक्षित बहिरेपणा



स्मृतिभ्रंश म्हणजे वार्धक्याचा अटळ भोग, हा समज आता मागे पडला आहे. वय व आनुवंशिकता मनुष्याच्या हाती नाहीत. परंतु 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ जोखीम-घटक दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता वा लांबवता येणे शक्य आहे.

त्यांतील रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांची चर्चा घरोघरी होते. बहिरेपणाची होत नाही. वस्तुतः त्याचा वाटा सर्वांत मोठ्या घटकांत गणला गेला आहे. ऐकू येईनासे झाले की वृद्ध व्यक्ती संभाषणातून अंग काढून घेते, एकाकी होते. मेंदूला मिळणारी चालना मंदावते. घरची मंडळी मात्र त्यास हेकेखोरपणा समजतात.

चष्म्याचा संकोच नाही, तर श्रवणयंत्राचा का असावा? ज्येष्ठांची वेळेवर श्रवणतपासणी ही त्यांची मोठीच सेवा होय.