रानपिंगळा : खानदेशच्या वनांचा ठेवा



पिंगळा खानदेशातील खेड्यापाड्यांना परिचित आहे. सातपुड्याच्या सागवनातील रानपिंगळा मात्र त्याहून वेगळा. याच्या माथ्यावर ठळक ठिपके नसतात, आणि तो भरदिवसा उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर व कीटक टिपतो.

ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर त्याचा मागमूस राहिला नाही. कर्नल माइनर्टझहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे एक नमुना मिळाल्याचा दावा केला होता. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना असल्याचे पामेला रासमुसेन यांच्या तपासणीत उघड झाले. ती खोटी नोंद बाजूस सारून त्या व त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, ११३ वर्षांनंतर रानपिंगळा पुन्हा दिसला. शहादा १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यात, तसेच मेळघाट व तानसा येथेही त्याचा आढळ झाला. त्यामुळे २०१८ मध्ये जागतिक यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आला. परंतु धोका टळलेला नाही.

रानपिंगळा घरटे बांधत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. पोकळ म्हणून निरुपयोगी ठरविलेले झाड सरपणासाठी तोडले, की एका जोडीचे घर नाहीसे होते. सरपणाची गरज खरी आहे. तथापि ढोलीची झाडे वगळून ती भागविता येते. वणवे, वनजमिनीवरील नवी नांगरट, मुलांची गलोल आणि घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेतून होणारी शिकार ही त्याची अन्य संकटे होत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ही शिकार गुन्हा आहे.

जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. शिवारातील ढोलीची झाडे तीत नोंदविली जावीत. गुरे चारणाऱ्या पावरा व भिल्ल बांधवांना रानाची जी माहिती असते, ती शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी टिपून घ्यावी. खोट्या नोंदीने हा पक्षी दीर्घकाळ दृष्टीआड ठेवला. खऱ्या नोंदींनी तो परत मिळवून दिला. यापुढील नोंद गावाने करावयाची आहे.