साचलेल्या पाण्याची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गृहिणींच्या उपयोगाचे काही सांगा, अशी मला चिटणीसबाईंची आज्ञा झाली. पाककृती सांगणाऱ्या आपल्यात माझ्याहून हुशार पुष्कळ आहेत. म्हणून मी भांडी घासण्याच्या यंत्राच्या, म्हणजे डिशवॉशरच्या, एका खोडीविषयी चार शब्द बोलणार आहे. ती खोडी म्हणजे, भांडी धुऊन झाली तरी तळाशी पाणी साचून राहणे.

२०२० साली टाळेबंदी झाली, कामाच्या बायांचे येणे थांबले, तेव्हापासून शहरातल्या पुष्कळ घरांत हे यंत्र आले. ते कामास येईल असे करून दाखवले मात्र एका बाईनेच. अमेरिकेतील जोसेफीन कॉक्रन ह्या बाईंनी १८८६ साली त्याचे पेटंट घेतले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले. मग बाईने घडवलेले यंत्र बायकांना का कळू नये? पण पाणी साचले की आपण दार लावून कारागिराची वाट पाहतो. तो येईपर्यंत आतले खरकटे आंबते, घरात वास सुटतो, आणि त्याच्या नुसत्या येण्याचे पैसे पडतात ते वेगळेच. त्यातून "बाई, पंप गेला" असे तो म्हणाला, तर खरेखोटे आपण कशावरून ठरवावयाचे?

त्यासाठी पाण्याची वाट ठाऊक पाहिजे. भांड्यांवरचे पाणी गाळणीतून तळाच्या खळग्यात उतरते. तेथला लहान पंप ते मागच्या नळीत ढकलतो, आणि नळी सिंकखालच्या पाइपाला मिळते. गाळणी, पंप, नळी आणि सिंक अशी ही चार ठिकाणे. पाणी बहुधा ह्यांतच कोठेतरी अडते. ती ह्याच क्रमाने पाहावी.

गाळणीखाली थोडे पाणी राहते, ते राहावयाचेच. गाळणीच्या वर आले तर मात्र खोडी समजावी. मध्येच वीज गेली असेल आणि धुणे अर्धवट राहिले असेल, तर आधी ते पुरे होऊ द्यावे.

एवढ्याने भागले नाही तर बटण बंद करून प्लग काढावा व यंत्राची तोटी बंद करावी. पाणी गरम असेल तर निवू द्यावे. मग ते वाटीने उपसून उरलेले फडक्याने टिपावे. खालची जाळी बाहेर काढली की गाळणी दिसते. बहुतेक यंत्रांत ती डावीकडे फिरवली की वर येते. भाताची शिते, कढीपत्ता, चिंचेचा चोथा, खोबऱ्याचा कीस, लिंबाच्या बिया, सारे येथे सापडते. वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशाने ती धुवावी. तारेची घासणी लावू नये.

गाळणीखाली पंपाचे झाकण असते. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतील चित्र पाहून ते काढावे. हात घालण्यापूर्वी नीट पाहावे, कारण फुटक्या ग्लासाची काच तेथेच जाऊन बसते. लाकडी चमच्याच्या दांड्याने आतला पंखा फिरवून पाहावा. तो थोडा अडखळत फिरतो, ते लोहचुंबकामुळे. मुळीच हलला नाही, तर काहीतरी अडकले आहे असे समजावे. ते काढावे व झाकण, गाळणी पुन्हा नीट बसवावी.

आता नळी. यंत्र मागे सरकवताना तिला मुरड पडते. ती सरळ करावी, पण तिचा वर उचललेला वळसा मोडू नये. तो नसला तर सिंकमधील घाण पाणी उलट यंत्रात येते.

शेवटी सिंक. तेच तुंबत असेल, तर दोष यंत्राचा नव्हे. ह्याची एक सोपी परीक्षा आहे. नळीचे टोक सिंकच्या पाइपातून सोडवून मोठ्या बादलीत घट्ट धरावे, यंत्रात दोन तांबे पाणी ओतावे, प्लग लावून पाणी काढण्याचे बटण चालू करावे. ते कोणते, हे पुस्तिकेत असते. बादलीत जोराने पाणी आले, तर यंत्र ठीक असून अडथळा सिंकच्या पाइपात आहे. घरघर ऐकू येते पण पाणी येत नाही, तर पंप वा नळी तुंबली आहे. आवाजच नाही, तर विजेचे काम आहे. तेथे आपण हात घालू नये, कारागिरालाच बोलवावे.

आणखी दोन गोष्टी सांगते. भांड्यांचा नेहमीचा साबण ह्या यंत्रात घालू नये. त्याचा फेस होतो, आणि फेसात पंपाला पाणी ओढता येत नाही. तसेच मोरी मोकळी करण्याची तेजाबासारखी औषधे आत ओतू नयेत. त्यांनी रबर खराब होते आणि पाणी उपसताना हातही भाजतो.

एवढे करूनही पाणी हटले नाही, तर कारागिराला बोलावण्यात कमीपणा नाही. पण त्याला सांगावे, "गाळणी धुतली, पंखा फिरतो, नळीला मुरड नाही, बादलीत पाणी येत नाही." असे सांगणाऱ्या बाईला लिंबाच्या बीपायी नवा पंप कोणी विकू शकणार नाही. पुढच्या पिढीच्या मुलींनी आणि मुलांनीही हे शिकून घ्यावे, कारण खरकटे काढणे हे सगळ्या घराचे काम आहे.