गिरण्यांचं सोलापूर, नागरिकांचं सोलापूर



सोलापूरच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा विषय निघाला की आपण चादर आणि चार हुतात्मे यांच्यापाशी थांबतो. दोहोंचा अभिमान मलाही आहे. पण पोट भरायला आलेली माणसं या शहराची नागरिक कशी झाली आणि कोणाला आपण नागरिक होऊ दिलं नाही, हा प्रश्न त्यात मागे पडतो. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

रेल्वे इथे 1860 मध्ये आली. पुढे 1876-77चा भीषण दुष्काळ पडला आणि त्याच सुमारास, 1877 मध्ये, मोरारजी गोकुळदास यांची गिरणी उभी राहिली. तीच आपली ‘जुनी गिरणी’. कापूस जवळ, गाडी दारात आणि शेत सोडून आलेले हात स्वस्त. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या झाल्या. 1901 मध्ये सुमारे 75 हजारांचं असलेलं हे गाव प्लेगात ओसरलं, पुन्हा भरलं आणि 1921 पर्यंत सव्वा लाखाच्या आसपास पोचलं.

आलेल्यांनी आपापलं जग सोबत आणलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घराघरात हातमाग मांडले. पुढचं घर राहायचं आणि मागचं विणायचं असं नव्हतं. ज्या खोलीत माग, त्याच खोलीत चूल आणि पाळणा. बाई कांड्या भरायची, पोरं सूत उकलायची, म्हातारे ताणा सारखा करायचे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघे, संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज. बाजारात कन्नड, गिरणीत मराठी, मागावर तेलुगू, मोहल्ल्यात उर्दू. आणि एकाच माणसाला दिवसभरात यांतल्या तीन भाषा बोलाव्या लागत. सोलापूरचा एकोपा कोणी उपदेशानं आणलेला नाही, तो रोजच्या व्यवहारात घडला.

आपली नगरपालिका 1852ची, म्हणजे पहिल्या गिरणीच्याही पंचवीस वर्षं आधीची. आजचं हिराचंद नेमचंद वाचनालय 1853चं. म्हणजे गिरणीचा भोंगा वाजू लागला तेव्हा सभा भरवायची, ठराव मांडायचा, वर्तमानपत्र वाचून वाद घालायचा, ही सवय इथे रुजलेली होती. मात्र ती सवय मूठभरांची होती. कर भरणारा मतदार. चाळीतला कामगार मतदार नव्हे. ही चौकट तिच्याबाहेर ठेवलेल्यांनीच हलवली. 1920 मध्ये कामगारांनी मोठा संप केला. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं 1925 मध्ये इथे विद्यार्थी वसतिगृह सुरू केलं. शिकायला जागा मिळणं हा नागरिकत्वाचा पहिला दाखला आहे, हे त्या वसतिगृहानं दाखवलं.

आणि याच शहरात सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मापासून संशयित ठरवलेल्या कैकाडी, पारधी, मांगगारुडी कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास. यांतली कितीतरी माणसं गिरण्यांत राबत. एकाच साच्यावर दोन कामगार घ्या. भोंगा झाला की एक आपल्या चाळीत जाई, दुसरा मोजून घेण्यासाठी कुंपणात. कापड दोघांचं सारखंच विणलेलं.

आता 1930. 6 एप्रिलला नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. 8 मे रोजी गोळीबार झाला, शहर पेटलं, पोलीस निघून गेले आणि काही दिवस लोकांनीच व्यवस्था सांभाळली. 12 मेपासून जूनअखेरपर्यंत लष्करी कायदा होता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवणारे कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. ही चार नावं एकत्र वाचा. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान. ज्या पेठांनी अर्धशतक एकमेकांचा शेजार केला, त्या पेठांची ही नावं आहेत. स्वातंत्र्य चळवळीनं एकोपा निर्माण केला असं आपण म्हणतो. मला उलटं वाटतं: एकोपा आधीचा होता, म्हणून चळवळ एवढी पेटली.

पण त्या दिवसांतही कुंपण तसंच होतं. हजेरीचा तो कायदा देशभरात रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. जिथे नगरपालिकेवर झेंडा स्वातंत्र्याच्या सतरा वर्षं आधी चढला, तिथे स्वातंत्र्य एवढ्या उशिरा पोचलेली वस्तीही होती. हे सांगितल्यानं हुतात्म्यांची थोरवी तसूभरही कमी होत नाही. ज्या शहरासाठी ते गेले, ते कोणाकोणाचं असायला हवं होतं, एवढंच त्यातून कळतं.

म्हणून या व्यासपीठावरून माझी एक मागणी आहे. नगरपालिकेची जुनी इतिवृत्तं, बंद गिरण्यांचे हजेरीपट आणि सेटलमेंटच्या नोंदवह्या जिथे जिथे उरल्या असतील तिथून गोळा करून एका छताखाली आणा आणि वाचायला खुल्या करा. हुतात्म्यांच्या वंशजांइतकाच सेटलमेंटमधल्या कुटुंबांच्या नातवंडांचाही या इतिहासावर हक्क आहे. तो त्यांना देणं हे महापालिकेचं आणि आपलं काम आहे.