परमुलखातील बिऱ्हाड

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



‘निवृत्तीनंतरचे जीवन’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे चिटणिसांचे पत्र आले, तेव्हा मी प्रथम नकारच कळविणार होतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक प्राथमिक शिक्षक; सभेत बोलण्याचा सराव नाही. परंतु आपल्या समाजातील प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मला एक प्रश्न हटकून विचारला जातो. “गुरुजी, नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, आता त्या सुरगाण्याच्या डोंगरात तुमचे काय ठेवले आहे?” पंगतीत बसून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ते आज एकदाच द्यावे, या हेतूने मी उभा आहे.

माझा जन्म निफाड तालुक्यातला. काळ्या जमिनीचा, पाटपाण्याचा मुलूख. १९८१ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली ती सुरगाणा तालुक्यात. सुरगाणा हे १९४८ पर्यंत एक लहानसे संस्थान होते. पुढे ते मुंबई राज्यात विलीन होऊन नाशिक जिल्ह्याचा एक तालुका झाले. पावसाळ्यात तेथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. आणि नार, पार या नद्या ते सारे पाणी पश्चिमेकडे गुजरातच्या वाटेने समुद्रास नेऊन घालतात. म्हणून चैत्र-वैशाखात त्याच गावांतील बायका हंडाभर पाण्यासाठी झऱ्याकाठी रात्र जागवितात. वस्ती बहुतेक कोकणा, महादेव कोळी आणि वारली या आदिवासी जमातींची. अशा ठिकाणी बदलीची वाट पाहात मी गेलो आणि २०१८ साली तेथूनच निवृत्त झालो.

माझ्या पुतण्याने मध्यंतरी मला एक गंमतीची माहिती सांगितली. थायलंड देशात युरोप-अमेरिकेतील पुष्कळ पेन्शनर मंडळी वास्तव्यास जातात. पन्नाशी उलटलेल्या परकीयास तेथे एकेका वर्षाचा परवाना मिळतो. त्यासाठी बँकेत आठ लक्ष बाट ठेव दाखवावी लागते, किंवा ठराविक मासिक उत्पन्न सिद्ध करावे लागते. दर नव्वद दिवसांनी सरकारला आपला पत्ता कळवावा लागतो. आणि परकीयास तेथे जमीन विकत घेता येत नाही. पुतण्या हसून म्हणाला, “काका, तुम्हीही सुरगाण्याचे तसलेच साहेब!” तो थट्टेने बोलला; मला मात्र ते पटले. मी परकाच आहे. भेद इतकाच की, थायलंडात परक्याकडून परवाना मागतात. माझ्या शेजाऱ्यांनी मला तो कधी मागितला नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगताना मला लाज वाटते. तथापि ती सांगितल्यावाचून पुढचे बोलणे खरे होणार नाही. नोकरीची पहिली पंधरा वर्षे मी त्या लोकांत राहिलो खरा, पण त्यांच्यासमवेत राहिलो नाही. माझ्या घरात पाण्याचा माठ वेगळा होता. कोणी विद्यार्थ्याचा बाप काही कामानिमित्त आला, तर त्याला मी अंगणातच बसवीत असे. सुटी लागली की पहिली एस.टी. पकडून मी निफाडास येई, आणि शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी तोंड वाकडे करून परत जाई.

वर्गातही तेच. कोकणा मुले घरी कोकणी बोलीत बोलतात. मुलाला ‘पोसा’ आणि मुलीला ‘पोसी’, इथे म्हणजे ‘इठ’ आणि तिथे म्हणजे ‘तठ’, गोष्टीला ‘गोठ’ म्हणतात. पाटीवर ‘पोसा’ लिहिणाऱ्या पोराची मी साऱ्या वर्गासमोर टिंगल केली आहे. ती अशुद्ध मराठी आहे असे मी समजत होतो. ती त्याच्या आईची भाषा आहे आणि तिला तिचे व्याकरण आहे, हे मला उमगलेच नव्हते. अशा किती मुलांनी त्या दिवसांत पाटी ठेवून गुरे वळावयास घेतली असतील, याचा हिशेब कोणत्याही हजेरीपटात सापडणार नाही. माझ्या मनातून मात्र तो जात नाही.

निवृत्त झाल्यावर मी विद्यार्थी झालो. घर भाड्याचेच आहे. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचे. पहाटे उठून झऱ्यापर्यंत जाऊन यावे, परत येताना दोन-तीन ओसऱ्यांवर बसावे, असा माझा क्रम. शेजारच्या घरी एक वृद्ध आजी आहेत. त्यांना अक्षरओळख नाही. त्या माझ्या शिक्षिका. राब कसा भाजावा, म्हणजे पावसाआधी पालापाचोळा, काटक्या आणि शेण पसरून वाफा कसा जाळावा, त्यात नागली कधी फेकावी, रोप वीतभर झाले की ते काढून उतारावर कसे लावावे, हे त्यांनी मला बोटांवर मोजून शिकविले. निफाडची बाजरीची भाकरी खाणारा मी. आता नागलीची भाकर आणि उडदाचे कालवण यांवाचून माझे जेवण पुरे होत नाही.

एकदा त्यांच्या खळ्यावर मी पायांत वहाणा घालून गेलो. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी वाकून चिमूटभर दाणे उचलले, कपाळास लावले आणि परत राशीत टाकले. सायंकाळी त्यांच्या नातवाने मला हळूच सांगितले, “गुरुजी, तठ कणसरी असते.” कणसरी म्हणजे धान्याची देवी, त्यांची अन्नपूर्णा. माझी चूक त्यांनी स्वतः क्षमा मागून निस्तरली होती. पंधरा वर्षे मी ज्यांना अंगणात बसवीत होतो, त्यांनी मला असे आपल्या खळ्यावर वागविले. दुसऱ्या दिवशी मी अनवाणी गेलो.

तेथील वर्ष सणांनी मोजले जाते. आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस. त्या दिवशी रानाच्या कडेला वाघदेवाची पूजा होते. गुरे ज्याच्या रानात चरतात, त्या वाघालाही मान द्यावा, अशी ती रीत. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव. पुरुष मंडळी व्रतस्थ राहून रात्री फेर धरतात. वाळलेल्या भोपळ्याची आणि बांबूची पावरी घुमू लागली की, माझ्यासारख्या म्हाताऱ्याचे पायसुद्धा हलू लागतात. मला कोणी त्या फेरात ओढत नाहीत आणि कोणी बाहेर हो असेही म्हणत नाहीत. पाहुण्याने कोठे बसावे हे पाहुण्यानेच जाणावे, ही त्यांची सभ्यता आहे.

माझ्याकडून त्यांना काय मिळते? फार थोडे. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण वनजमीन कसतो, हे आदिवासी शेतकऱ्याला पुराव्यानिशी दाखवावे लागते. जुने कागद शोधणे, अर्ज लिहिणे, आलेल्या नोटिशीचा अर्थ सांगणे, एवढे काम मी ओसरीवर बसून करतो. याच हक्कांसाठी मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर पायी चालत गेले. त्यांत सुरगाण्याची माणसे पुष्कळ होती. पाय फुटलेले हे लोक मुंबईत पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांना रस्त्यात अडथळा होऊ नये म्हणून विसावा न घेता ते रातोरात चालून आझाद मैदानावर गेले. ते माझ्या नोकरीचे अखेरचे वर्ष होते. ती बातमी वाचून मी वर्गात मुलांसमोर काही बोलू शकलो नाही. ज्यांच्या पाट्या आम्ही पुसल्या, त्यांनी शहरातील परक्या मुलांच्या परीक्षेची अशी काळजी वाहिली.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. कटु वाटल्यास वयाकडे पाहून क्षमा करावी. आपल्यातील काही सधन मंडळींनी मला विचारले आहे की, “सापुताऱ्याच्या वाटेवर एखादा तुकडा मिळेल काय? सातबारा कोणा आदिवासीच्या नावावर राहू द्या, पैसे आमचे.” पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्र आहेत. आदिवासीची जमीन सरकारी मंजुरीवाचून दुसऱ्यास घेता येत नाही. १९७४ साली हा निर्बंध अधिक कडक झाला आणि पूर्वी गेलेल्या जमिनी मूळ मालकास परत देण्याचाही कायदा झाला. हा कायदा कोणाला जाचक वाटेल. मला वाटत नाही. ज्याच्या ओसरीवर बसून मी पाणी पितो, त्याच्या पायाखालची जमीन मी दुसऱ्याच्या नावाआड लपून घेणार नाही, आणि आपल्यापैकी कोणाला घेऊही देणार नाही. पाहुण्याने पलंगावर झोपावे. पलंग उचलून नेऊ नये.

दुसरी गोष्ट याहूनही जवळची आहे. दिवाळी झाली की सुरगाण्याची घरे ओस पडतात. माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. गेल्या माघात मी गावी गेलो होतो. आमच्याच भावकीतील एका मळ्याच्या बांधावर प्लॅस्टिकची पाले होती. एका पालातून हाक आली, “गुरुजी!” पाहतो तो माझा विद्यार्थी, त्याची बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. त्या पोरीला शाळेत घातले नव्हते. ती धाकट्या भावंडाला सांभाळीत होती. मळ्याच्या मालकाने मला चहासाठी घरात बोलाविले. तो विद्यार्थी अंगणाबाहेर उभा राहिला. त्या क्षणी मला माझा तो वेगळा माठ आठवला. त्याच्या गावी मी परका, आणि मला ओसरी मिळते. माझ्या गावी तो परका, आणि त्याला बांध मिळतो!

मी निफाडास परत का येत नाही, याचे उत्तर अजून राहिले. २०२२ सालच्या श्रावणात माझी पत्नी वारली. तीन दिवस पावसाची धार लागली होती, घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता. आपल्यापैकी कोणी पोहोचू शकले नाही. त्यात कोणाचाच दोष नाही. मी दारात बसून एकच विचार करीत होतो. या पावसात कोरडे लाकूड कोठून आणावे? डोंगरातील प्रत्येक घर चार महिन्यांचे सरपण पडवीत रचून ठेवते; ते संपले की चूल बंद. सकाळी पाहतो तो एकेक माणूस डोक्यावर मोळी घेऊन येत होता. कोणी मला विचारले नाही, कोणी सांगितले नाही. आजींच्या घरची मोळी सर्वांत मोठी होती. खांदा त्यांनी दिला, आणि त्या श्रावणात उरलेले दिवस त्या घरांतून ओल्या लाकडांचा धूर निघत होता. तो धूर मी पाहिला आहे. त्यानंतर कोणी मला “तुमचे तेथे काय ठेवले आहे?” असे विचारले, तर मी काय सांगावे?

म्हणून मंडळापुढे माझी एक नम्र विनंती आहे. ठरावाची भाषा मला येत नाही. साध्या शब्दांत सांगतो. आपल्या समाजातील ज्यांच्या बागा आहेत, त्यांनी येत्या हंगामात तीन गोष्टी कराव्यात. मजुरांना बांधावर नव्हे, तर छपराखाली जागा द्यावी. पिण्याचे पाणी आपण पितो तेच द्यावे. आणि त्यांच्या मुलांना गावच्या शाळेत नेऊन बसवावे. अशा स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. ते पत्रक मुलाच्या हाती असले की नव्या गावची शाळा त्याला दाखल करून घेते. मालकाने सकाळची दहा मिनिटे दिली, तर एका पोरीचे वर्ष वाचेल. आणि ती पोर पाटीवर ‘पोसी’ असे लिहील तर हसू नका. आधी तो शब्द आपण शिका, मग तिला आपला शिकवा.

मंडळाने पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलाविले, तर मी भाषण करणार नाही. प्रत्येकाला एवढेच विचारीन की, तुमच्या बांधावरचे बिऱ्हाड यंदा कोठे उतरले होते?