सिडनीने उखडली, मेलबर्नने राखली

मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. सिडनीने त्याआधीच, फेब्रुवारी 1961 मध्ये, आपली ट्राम मोडीत काढली होती. दोन्हीकडे विचार तोच: ट्रामची अडचण नको, मोटारींना वाट द्या!

मेलबर्न मात्र बधलं नाही. तिथल्या ट्रामवे मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट रिसन यांनी रूळ चक्क काँक्रीटमध्ये बसवले. उखडायचं म्हटलं, तर खर्चाच्या आकड्यानेच घाम फुटावा! आज तिथे सुमारे 250 किलोमीटरचं जाळं आहे. शहराच्या मध्यभागात तर तिकीटही लागत नाही.

आणि सिडनी? डिसेंबर 2019 मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर ट्राम परतली, तीही अब्जावधी डॉलर मोजून. त्या रस्त्याच्या बऱ्याच भागात आता मोटारींनाच मज्जाव आहे.