वाळूला खोडरबर लागत नाही



चित्राविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे आंधळी कोशिंबीरच. मी इथे हात हलवतोय आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. पण आज मी ज्या चित्रांबद्दल बोलणार आहे, ती काढणाऱ्यालासुद्धा अर्ध्या मिनिटाच्या वर दिसत नाहीत. पुढचं चित्र मागच्याला पुसूनच जन्माला येतं. तेव्हा तुमचं फार काही हुकणार नाही.

मी भडगाव तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. गाव गिरणेच्या काठचं. काही वर्षांपूर्वी एका सोमवारी मी वर्गाला सांगितलं, ‘उद्या प्रत्येकानं वाटीभर वाळू आणायची.’ मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, ‘सर, पावती लागंल का?’ सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसलो. आमच्या भागात वाळू म्हटलं की पोरांना पहिल्यांदा ट्रॅक्टर आठवतो, मग तलाठी, मग रात्रीची पळापळ. किल्ला, खोपा, शंख-शिंपले हे सगळं नंतर. त्या हसण्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. टेबलावर काच ठेवायची, काचेखाली दिवा. काचेवर बारीक, कोरडी वाळू पसरायची. वाळू जिथे दाट, तिथे काळोख. बोटानं ती बाजूला सारली की तिथे उजेडाची रेघ. मुठीतून धार सोडली की झाड, तळहात फिरवला की आभाळ, नखानं ओरखडलं की पाऊस. वाळूचा थर कमी-जास्त केला की सावल्या मिळतात. याला सॅण्ड अ‍ॅनिमेशन म्हणतात. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत कलाकार लोकांसमोर संगीताच्या तालावर चित्रं बदलत जातो आणि ती पडद्यावर दिसतात. दुसरीत वर कॅमेरा बांधतात, चित्र किंचित हलवतात, फोटो घेतात, पुन्हा किंचित हलवतात. ते फोटो भराभर दाखवले की चित्र चालायला लागतं.

अमेरिकेत कॅरोलिन लीफ या मुलीनं विद्यार्थिदशेतच वाळूतून ‘पीटर आणि लांडगा’ ही गोष्ट हलवून दाखवली; तो छोटा चित्रपट 1969 चा. 2009 साली युक्रेनच्या क्सेनिया सिमोनोव्हानं तिथल्या टीव्ही स्पर्धेत दुसऱ्या महायुद्धानं मोडलेली साध्या माणसांची आयुष्यं वाळूत काढली आणि समोर बसलेली माणसं रडली. ती ध्वनिचित्रफीत जगभर फिरली आणि फिरत फिरत माझ्याही संगणकावर आली. एकेक चौकट घेऊन निर्जीव वस्तू हलवण्याची जादू मात्र आपल्याकडे फार जुनी. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याचा वेल कुंडीत रुजताना असाच थोडा थोडा टिपला होता. पुढे त्यांनी आगकाड्याही नाचवल्या.

आणि वाळूत बोट फिरवून शिकणं? ते तर आपल्या पणजोबांचं शिक्षण. धूळपाटी हा शब्द अजून आपल्या भाषेत आहे. लाकडी पाटीवर धूळ किंवा विटांचा भुगा पसरायचा, त्यावर अक्षर गिरवायचं, चुकलं तर पाटी हलवायची. पुन्हा कोरी. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री होता. त्यानं देशी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना पाहिली आणि आपल्या शाळेत तेच सुरू करायला सांगितलं. शिक्षकांनी नाकं मुरडली. मग त्यानं शाळेतल्याच एका लहान मुलाला वर्गावर बसवलं आणि त्या मुलानं इतरांना शिकवलं. बेलनं 1797 मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं. इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळांत पुढे वाळूची टेबलं आली, ती अशी. आपण आपली धूळपाटी टाकली आणि मुलांच्या हातात खोडरबर दिलं.

खोडरबर मी मुद्दाम म्हणतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करून घेताना मी एक गोष्ट कित्येक वर्षं पाहत होतो आणि तिचा अर्थ मला कळत नव्हता. आमची पोरं पेन्सिलीपेक्षा खोडरबर जास्त वापरतात. एक रेघ काढायची, माझ्याकडे बघायचं, खोडायची. एका मुलीचा कागद तर खोडून खोडून भोक पडेपर्यंत झिजायचा. मी म्हणायचो, ‘हात हलका ठेव.’ दोष तिच्या हाताचा नव्हता. वर्गात बिघडलेलं चित्र उंच धरून ‘हे बघा, असं काढायचं नाही’ म्हणणारा माणूस कोण होता? मीच. मुलं हसायची, मलाही वाटायचं की वर्ग खेळकर आहे. ज्याचं चित्र वर धरलेलं असे, तो हसत होता की नाही, ते मी पाहिलंच नव्हतं.

वाळूकडे मी वळलो तो काही मुलांच्या धिटाईसाठी नाही, हेही कबूल करतो. मला स्नेहसंमेलनात टाळ्या हव्या होत्या. मी त्या भोक पाडणाऱ्या मुलीलाच निवडलं, कारण तिच्या बोटांत गोडवा होता. तीन मिनिटांचा कार्यक्रम बसवला. उगवता सूर्य, नांगर, बैल, कणीस. प्रत्येक रेघ माझी. दोन महिने घोटून घेतली. कार्यक्रमाच्या दिवशी बैलाच्या पाठीवर वाळूची मूठ जरा जास्त पडली. बैलाला उंटासारखं मदार आलं, इतकंच. पण ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी विंगेतून ‘पुढे, पुढे’ करतोय, गाणं वाजतंय, पडद्यावर तो मदारीचा बैल आणि बाजूला दोन स्थिर हात. शेवटी तिनं दोन्ही हातांनी सगळी वाळू फिसकटली आणि ती निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या मदारीचा डोंगर करता आला असता, ढग करता आला असता, उंटच करता आला असता. वाळू तर त्यासाठीच आहे! पण मी तिला वाळू शिकवलीच नव्हती, पाठांतर शिकवलं होतं. साधन नवं आणि मास्तर तोच जुना.

दुसऱ्या वर्षी मी तीनच नियम केले. एक, मास्तरांनी काचेला हात लावायचा नाही. दोन, कुणाचंही चित्र वर धरायचं नाही. वाळूचं चित्र तसंही धरता येत नाही. आणि तीन, चुकलं तर पुसायचं नाही, त्याचं काहीतरी करायचं. तिसऱ्या नियमाचा आम्ही खेळच केला. एकानं डोळे मिटून काचेवर मूठभर वाळू टाकायची, दुसऱ्यानं त्यात काय दिसतं ते बोटानं बाहेर काढायचं. कुणाला त्यात कोंबडी दिसायची, कुणाला हेडसरांचा चष्मा. पंधरा दिवसांत पोरं माझ्याकडे बघायची थांबली. काचेकडे बघायला लागली.

ज्यांना घरी किंवा शाळेत करून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खर्च फार नाही. नदीची वाळू तीन-चार पाण्यांतून धुवायची, माती निघून गेली पाहिजे. कडक उन्हात वाळवायची आणि मैद्याच्या चाळणीतून काढायची. खाली राहते ती आपली. धुतली नाही तर धुरळा नाकातोंडात जातो, म्हणून ही पायरी चुकवायची नाही. आमची वाळू काळ्या दगडाची, तिच्यातून उजेड आरपार जात नाही, म्हणून रेघ ठसठशीत उमटते. रांगोळी चालत नाही, ती काचेला चिकटते. रवा चालतो, पण आईची परवानगी घ्या. काचेच्या कडा घासून घ्यायच्या किंवा त्यांना चिकटपट्टी लावायची, आणि काचेला खालून बटर पेपर लावायचा म्हणजे उजेड सारखा पसरतो.

आता दिवा. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. एकदा ऐन तासाला गेली. मी काचा उचलायला लागलो, तर सहावीतल्या एका मुलानं घरून आणलेला आरसा दोन बाकांच्या मधे तिरपा ठेवला, दारातून येणारं ऊन त्यावर घेतलं आणि काच खालून उजळली. तेव्हापासून सकाळच्या तासाला आम्ही दिवा लावतच नाही.

वर मोबाइल बांधायचा, स्टँड नसेल तर पाट्यांच्या चळतीवर. तो हलता कामा नये. एका सेकंदाला बारा फोटो धरले तर चाळीस सेकंदांच्या गोष्टीला चारशे ऐंशी फोटो लागतात. एका तासिकेत साठेक होतात. म्हणजे आठ तासिका. हा हिशोब पोरं स्वतः करतात, फळ्यावर. गणितात मागे असलेलीही करतात, कारण उत्तर चुकलं तर त्यांचा मासा मधेच थांबणार असतो. चौघांची टोळी करायची. एक बोट चालवणार, एक फोटो घेणार, एक मोजणार, एक गोष्टीचा धागा धरणार. रोज कामं बदलायची. नव्या मुलांना जुनी मुलं शिकवतात. बेलसाहेबाचा धडा, दुसरं काय!

यानं मार्क वाढतात का, असं पालक विचारतात. मी खोटं सांगणार नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही. प्रत्येक मूल यात रमतं असंही नाही. काहींना वाळूचा स्पर्शच आवडत नाही, त्यांना मी मोकळं सोडतो. पण एक फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. पूर्वी रेघ वाकडी गेली की मूल म्हणायचं, ‘सर, चुकलं.’ आता म्हणतं, ‘सर, थांबा, बघू.’ धिटाई म्हणजे माइकसमोर खणखणीत बोलणं, एवढंच मला वाटायचं. हे ‘थांबा, बघू’ही धिटाईच आहे.

आता त्या हसण्याकडे येतो. पावतीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या टोळीनं गोष्ट निवडली ती गिरणेची. मी सुचवली नव्हती. सुरुवातीला काच भरून पाणी, त्यात मासे, काठावर कपडे धुणाऱ्या बाया. मग पाणी आटतं. एक ट्रॅक्टर येतो, दुसरा येतो. प्रत्येक ट्रॅक्टरमागे मुलं काचेवरची खरोखरची वाळू चिमटीनं उचलून घेत होती. फोटो, चिमूट, फोटो, चिमूट. शेवटी काचेवर काहीच उरत नाही, नुसता पांढरा उजेड. आणि त्या उजेडात कोपऱ्यात एक मासा, दहा-बारा कणांचा.

मला धास्ती वाटली. त्या मुलाचे वडील ट्रॅक्टरवरच होते, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘पालकांना दाखवायचं ना हे? बघ, वाटलं तर दुसरं काही दाखवू.’ तो म्हणाला, ‘सर, थांबा, बघू.’ माझाच नियम माझ्याकडे परत आला.

पालकसभेला वडील आले. मागे भिंतीला टेकून उभे राहिले. चाळीस सेकंदांची गोष्ट ती, सुरू झाली नि संपली. काही जणांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी त्यांच्याकडे पाहिलं. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले. मी मनात उत्तरं जुळवत होतो. ते मुलाकडे न बघता एवढंच म्हणाले, ‘मी बी तठेच पव्हाले शिकनू, सर.’ मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घेऊन गेले.

यानंतर त्यांनी ट्रॅक्टर सोडला, असं मी सांगितलं तर गोष्ट छान होईल. पण तसं झालं नाही. पोट आहे, हप्ते आहेत. मास्तराच्या काचेनं ते सुटत नाहीत. मुलगा मात्र पुढच्या सोमवारी तासाला सगळ्यात आधी आला आणि त्यानं विचारलं, ‘सर, पप्पा विचारत होते, पुढच्या बारीला पाणी परत येताना दाखवता येतं का?’ मी म्हटलं, ‘फोटो उलट्या क्रमानं लाव.’ त्यानं मान हलवली. ‘नाही सर, ते खोटं होईल. नवीन काढावं लागंल.’

आई-वडिलांना आणि माझ्या शिक्षक मित्रांना एवढीच विनंती आहे. मुलाला महागडे रंग द्या, न द्या; महिन्यातून एखादा तास असा द्या की ज्यात चुकल्याची शिक्षा नाही आणि समोर बसलेला मोठा माणूस गप्प बसतो. गप्प बसणं अवघड असतं. मला अजून पुरतं जमत नाही, हात शिवशिवतात.

आमची वाळू तीच आहे, पहिल्या वर्षी धुऊन चाळलेली. कपाटात एका बिस्किटांच्या डब्यात ठेवतो. त्यातलीच पुढच्या तासाला पुन्हा काढू. धरणातून आवर्तन सुटलंय, नदीला पाणी आहे, आणि टोळीला अजून शे-दीडशे फोटो काढायचे आहेत.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)