बीज कोठे ठेवले याची नोंद



अध्यक्षाने स्वतःच्या अपात्रतेचा पाढा वाचून भाषणास प्रारंभ करावा असा आपल्या परिषदांचा दस्तूर आहे. तो पाळला गेला असे आपण धरून चालावे, एवढी विनंती करून मी थेट विषयाकडे वळतो.

1995 साली अमेरिकेत मिलवॉकी येथील मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये भारत बिस्वाल आणि त्यांचे सहकारी यांनी, काहीही न करता स्वस्थ पडून राहिलेल्या माणसांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण करून, हाताच्या हालचालींशी निगडित अशा डाव्या गोलार्धातील भागाच्या संकेताचे मंद चढउतार हेच बीज मानले आणि त्यांच्याशी ताल धरणारे असे उरलेल्या मेंदूत कोठे काय आहे याचा शोध घेतला, तेव्हा समोरच्या गोलार्धातील तोच भाग नकाशावर उमटला. सेकंदाला एक दशांश आवर्तनाहूनही संथ असे हे चढउतार म्हणजे श्वासाचा, नाडीचा नाहीतर यंत्राचा गोंगाट, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. ती सर्वस्वी अनाठायी होती असे मला आजही म्हणवत नाही. कारण हे यंत्र चेतापेशींचा व्यवहार प्रत्यक्ष पाहत नाही, त्या व्यवहारापाठोपाठ रक्तातील प्राणवायूच्या स्थितीत जो फरक पडतो तेवढा टिपते, आणि रक्त श्वासाचेही ऐकते.

पुढे बीज बदलणे हे इतके सुलभ झाले की त्याच संस्थेत रॉबर्ट कॉक्स यांनी आरंभिलेल्या ‘अॅफनी’ या प्रणालीत आता माऊस दाबताच नव्या बीजाचा नकाशा पडद्यावर येतो. यामागील गणित मोठे सुबक आहे. प्रत्येक बिंदूच्या कालमालिकेतून तिची सरासरी वजा करून तिची लांबी आधीच एक करून ठेवली, की सहसंबंध काढणे म्हणजे दोन मालिकांतील आकड्यांचा जोडीजोडीने गुणाकार करून बेरीज घेणे, एवढेच काम उरते. अमेरिकेच्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाच्या मांडणीत असे 91,282 बिंदू आणि सुमारे साडेचौदा मिनिटांच्या एका चित्रणात 1,200 क्षणचित्रे असतात. म्हणजे एका बीजासाठी अकरा कोटींच्या आसपास गुणाकार, जे आजच्या संगणकास चुटकीसरशी जमतात. याउलट सर्व बिंदूंचे सर्व बिंदूंशी संबंध आगाऊ काढून ठेवू म्हटले तर आठशे तेहतीस कोटी आकड्यांचे, सुमारे 33 गिगाबाइटचे बाड होते, आणि तेवढे बाड उघडून बसण्यापेक्षा प्रश्न पडेल तेव्हा तेवढेच गणित करणे शहाणपणाचे.

हे साधन हाती घेऊन बसावे आणि बीज हळूहळू सरकवावे. मेंदूच्या मध्यभागी, पाठीमागच्या सिंग्युलेट भागावर ते ठेवले तर कपाळामागचा मधला भाग आणि दोन्ही बाजूंचे पार्श्वभाग एकदम उमटतात; काही मिलिमीटर पुढे नेले तरी चित्र तेच राहते, आणखी थोडे नेले की ते अवचित पालटते, आणि ही पालटण्याची जागा, जी छापील आकृतीत सहसा दिसत नाही, तीच मला सर्वांत मोलाची वाटते; कारण बाह्यकाच्या सरहद्दी आखण्याचे पुष्कळ काम अशाच पालटांच्या आधारे झाले आहे. मात्र सिल्वियन घळीपाशी सावध असावे. तिचे दोन काठ अवकाशात हाकेच्या अंतरावर असले तरी बाह्यकाच्या घड्या उलगडल्यास एकमेकांपासून दूर पडतात, आणि चित्र गुळगुळीत करण्याच्या हौसेने आपण त्यांचे संकेत एकमेकांत कालवले, तर जे नाते दिसते ते मेंदूचे नसून आपल्या गाळणीचे असते.

माझी खरी तक्रार निराळी आहे. मनासारखा नकाशा हाती लागेपर्यंत बीज फिरवत राहावे आणि निबंधात मात्र ते बीज जणू पहिल्यापासून ठरलेलेच होते असे लिहावे, ही लबाडी या सुलभतेने सोपी केली. आणि ती करणाऱ्यास पुष्कळदा आपण ती करतो आहोत याची जाणीवही नसते. माऊसखालचा नकाशा ही फिर्याद आहे, पुरावा नव्हे. आणि ज्या चित्रणावर ती सुचली त्याच चित्रणातून तिची शाबिती करणे हा इन्साफ नव्हे. 2009 साली केव्हिन मर्फी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की संपूर्ण मेंदूचा सरासरी संकेत काढून टाकला की ऋण सहसंबंध गणितानेच ओढवतात. 2012 साली जोनाथन पॉवर आणि इतरांनी दाखविले की मस्तकाच्या मिलिमीटरहूनही अल्प हालचालींनी जवळचे संबंध बळावतात आणि दूरचे क्षीण होतात. मुले मोठ्यांहून अधिक हलतात, त्यामुळे वयाबरोबर मेंदू जुळत जातो या सिद्धांताचा काही हिस्सा तेव्हा फेरतपासणीस पाठवावा लागला.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक प्रणालीने बीजांचा रोजनामा आपणहून ठेवावा: निर्देशक, त्रिज्या, कोणता संकेत वजा केला, आणि किती बीजे पाहून टाकून दिली. आज दुपारच्या प्रात्यक्षिकात तरुण मित्रांनी पहिले बीज मेंदूतील द्रवाच्या पोकळीत ठेवावे, जेथे चेतापेशी नाहीत. आणि तेथूनही सुरेख नकाशा निघाला, तर दुसरे बीज ठेवण्यापूर्वी चित्रणाच्या शुद्धीकरणाची तपासणी करावी.